गयाबाईंचं गाळलेलं बोलणं

सोमवार, ६ जाने.
आज अकरा पेशंट. पुण्यात वीस वर्षं संपादन केलं, इतकी उपयोगी कधी झाले नाही. नांदेड, लातूर, परभणीकडची माणसं इथे हैदराबादला ऑपरेशनला येतात. डॉक्टरांना मराठी येत नाही, पेशंटना तेलुगू-इंग्रजी येत नाही. मधे मी. सोमवार आणि गुरुवार, हौसेने. त्यांचं पाच मिनिटांचं बोलणं एका वाक्यात इंग्रजीत देते. डॉक्टर (तरुण, विजयवाड्याच्या) म्हणाल्या, तुमच्यामुळे माझी ओपीडी तासभर आधी संपते. बाकीच्या वॉर्डांसाठी पुस्तिका लिहाल का?
परत येताना एक स्टॉप पुढे गेले. कळलंच नाही.

गुरुवार, ९ जाने.
गयाबाई. साठीच्या. देगलूरजवळचं खेडं. मुलगा उत्तम सोबत. गौलीगुड्याच्या स्टँडवर बसमधून उतरून थेट इकडे. पित्ताशयात खडे. ऑपरेशन सोमवारी सकाळी.
फॉर्मवर प्रश्न: औषधं कुठली चालू आहेत? गयाबाई सुरू झाल्या. म्हातारा दिवाळीत गेला. त्याचं हृदय. त्याच्या गोळ्या. त्याची खाट. आठ दिवस शेळीने तोंड लावलं नाही कशाला. उत्तम वैतागला. "माय, औषधाचं इचारलंय, शेळीचं न्हाई."
मी लिहिलं: स्वतःची औषधं नाहीत. पती अलीकडेच वारले. दोन स्वच्छ वाक्यं. डॉक्टरांनी वाचून मान हलवली.
वॉर्डातल्या आया शकुंतलाताई गयाबाईंच्या डोक्याला तेल लावत होत्या. राहायला इथल्याच अंबरपेठेत, आजोबा उदगीरकडचे. मराठीत दखनी उर्दू मिसळलेली. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही भौत फास्ट." कौतुक समजले.
पुस्तिकेचा आराखडा डोक्यात. पहिलं प्रकरण: मुद्दा कसा ओळखावा.

रविवार, १२ जाने.
सकाळी शकुंतलाताईंचा फोन. "मॅडम, म्हातारीच्या पिशवीत गोळ्या आहेत. नवऱ्याच्या. रोज एक घेते. रक्त पातळ करायच्या."
"नर्सला सांगितलं?"
"हौ. कालच. ती म्हणे फॉर्मवर तर नाही म्हणून लिहिलंय, मॅडमनी विचारूनच लिहिलं असेल. माझं तोंड, तुमचा कागद."
ऑपरेशन उद्या.
दहा मिनिटं खुर्चीत. पहिला विचार: तुम्हीच डॉक्टरांना गाठा, असं ताईंना सांगावं. दुसरा: पेशंटने आधी सांगितलंच नव्हतं म्हणावं. दोन्ही विचार आले, म्हणून लिहून ठेवते. दुसरा सोपा होता. तिथे मराठी कळणारं मी सोडून कोण? शकुंतलाताई. त्यांचं तर ऐकतच नाहीत.
पण गयाबाईंनी सांगितलं होतं. आता शब्द न् शब्द आठवतोय. "टाकू कशा, माय? त्येला लागू पडल्या न्हाईत, मला तरी पडतील." मी ते दुःख समजले. दुःखाला फॉर्मवर जागा नव्हती.
रिक्षा. डॉक्टर राउंडवर. सांगितलं: गयाबाई बोलल्या होत्या, मी गाळलं. शकुंतलाताईंनी काल पकडलं, त्यांचंही कोणी ऐकलं नाही.
डॉक्टरांनी उद्याच्या यादीतून नाव खोडलं. गोळ्या बंद. रक्ताची तपासणी. मग माझ्याकडे न बघता, "आणखी काय काय गाळलंत?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

सोमवार, १३ जाने.
वहीत नोव्हेंबरपासूनची दोनशे चार नावं. प्रत्येकापुढे एक ओळ. किती छान ओळी.
लाज वाटते. आणि चमत्कारिक म्हणजे पाय जमिनीवर ठरत नाहीत. पन्नाशीला आल्यावर काहीतरी पहिल्यापासून शिकायचं आहे. शकुंतलाताईंना म्हटलं, यापुढे माझ्या शेजारी बसा. डॉक्टरांची परवानगी काढली आहे.
"नक्को मॅडम. मला इंग्लिश कुठे येतं."
"इंग्रजी मी बघते. ऐकायला तुम्ही हव्यात."
"ऐकायला काय, कान तर तुम्हालापण आहेत."
मी वही मिटली. त्याच हसल्या. "चहा लागेल मग. इराणी. कँटीनचं गरम पाणी नक्को."

मंगळवार, १४ जाने.
संक्रांत. वॉर्ड निम्मा रिकामा, गच्च्यांवर पतंग. गयाबाईंना तिळगूळ नेला. तासभर बसले, फॉर्म नाही, पेन नाही. "तुमचं बोलणं मी नीट पोचवलं नाही. माझं चुकलं."
"तुझं काय, लेकरा. समदेच घाईत हायती. उत्तम बी ऐकत न्हाई. शेळी ऐकती."
उत्तम बाहेर बघत राहिला. मग स्टूल ओढून जवळ बसला.
मला वाटायचं नम्रता म्हणजे हळू आवाजात बोलणं. ते मला छान जमतं. आणि दया तर त्या गुरुवारीही आली होती, भरपूर. दया येत असतानाच मी पेन उचललं. गयाबाईंकडून मला काही कळायचं आहे, हे मनातच नव्हतं. शकुंतलाताईंच्या मनात होतं.
सगळीकडे हेच. कोणाचं लिहून घ्यायचं, कोणाचं नुसतं कानावर येऊ द्यायचं, हे तोंड उघडायच्या आधी ठरलेलं. मग एखादी बाई टेबलावर रक्त वाहून जाते आणि सगळे म्हणतात, तिने सांगितलंच नाही.

शुक्रवार, १७ जाने.
रक्ताचा रिपोर्ट ठीक. माझा वार नव्हता. गेले.
आत नेण्याआधी डॉक्टर म्हणाल्या, भीती वाटते का विचारा. गयाबाई बोलत राहिल्या. मी सगळं सांगितलं, खाट, म्हातारा, शेळी, एकही शब्द न गाळता. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग विचारलं, "शेळी आता कोणाकडे ठेवली आहे?" मी मराठीत विचारलं. गयाबाईंनी डॉक्टरांचा हात धरला. सोडवायला वेळ लागला.
नऊ वाजता आत. वेळ लागेल म्हणाले. वयाचं सांगता येत नाही, असंही.
पुस्तिकेबद्दल डॉक्टर बोलत नाहीत. मीही विचारत नाही. उत्तम दारापाशी उभा, बस म्हटलं तरी बसत नाही. बाकावर मी आणि शकुंतलाताई. वहीतली नावं, एकेक फोन. बावीस झाले. काही नंबर बंद. काहींनी बरं आहे म्हणून ठेवून दिला. तेविसावा मुखेडला, मुलाने उचलला. आईचं ऑपरेशन डिसेंबरात झालं होतं. माझ्या वहीत एकच ओळ: गुडघा, तक्रार नाही.
म्हटलं, "त्या दिवशी मी घाईत होते. आईंचं काही सांगायचं राहिलं होतं का?"
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. शकुंतलाताईंनी कान जवळ आणला.
"राहिलंय की," तो म्हणाला. "पण मॅडम, तुम्हाला टाइम हाय का?"