पहिला फेरा मालकाचा

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजलाय, त्यामुळे सध्या पाचच अंगं टेकवते, उरलेली तीन भेटल्यावर.) तुझी कंबर कशी आहे? आतोबांचं घोरणं? शेजारचे अजून मधल्या भिंतीवर ठोकतात का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे पत्रात असतात तसे बरे. फोनच केला असता, पण हल्ली मी "बाबा" म्हटलं की नेमका तुझ्याकडे आवाज तुटतो, आणि तुझ्या कंबरेचं विचारलं की खणखणीत येतो. पत्राला ती सोय नाही, म्हणून पत्र.

तर चोरीच्या त्या भानगडीतून बाबा सुटले, हे तुला कळलंच असेल. चष्मेवाल्यांच्या घरचं कुलूप बाबांनी बसवलेलं. चोराने ते फोडलं नाही, किल्लीने उघडलं. मग किल्लीवाल्याला उचला, इतकं सोपं गणित. पुढे चष्मेवाल्यांचा सख्खा मेहुणाच सापडला, मालासकट नि किल्लीसकट. (अख्ख्या गावाला चष्मे लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या सोफ्यावर बसलेला चोर दिसला नाही.) चौकीतले साहेब बाबांना म्हणाले, जा तुम्ही. बाबा उभेच. लोकांना काय सांगू, म्हणाले. साहेब म्हणाले, सांगा, चौकशी झाली. घरी आल्यावर चपला काढायच्या आत बाबांनी मला विचारलं, "तू एवढं भाषेत एम.ए. करतेस, ह्याला काहीतरी बरा शब्द असेल ना गं?"

मी म्हटलं, ढीग आहेत. आत्या, एम.ए.चा उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ, आणि ती अशी. "निर्दोष मुक्तता" काढला, तर म्हणाले, खटलाच झाला नाही, मुक्तता कसली? "दोषमुक्त" म्हणजे आधी दोष होता, मग गेला, गोवर गेल्यासारखा. "क्लीन चिट" पुढाऱ्यांना मिळते, आणि मिळाली की लोक हसतात. "संशयाचा फायदा" ऐकून तर म्हणाले, फायदा नको म्हणावं, संशय तेवढा परत घ्या. हिंदी सिनेमातल्या कोर्टातला "बाइज्जत बरी" मात्र आवडला. दुपारभर तोंडात घोळवला. शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "इज्जत घेऊन गेला होतात, घेऊन आलात, त्यात मिरवायचं काय?" आईचा आपला एकच शब्द, बालंट टळलं. आणि समोरच्या शिंपीणकाकू अगदी मायेने म्हणाल्या, "सुटले बाई एकदाचे भावजी!" जसे काही कुंपणावरून उडी मारून आले.

पण शब्दांचं सोड. गल्लीने कुलपं बदलली. आणि बदलून कुणाकडून घेतली म्हणशील, तर बाबांकडूनच! जवळपास दुसरा किल्लीवाला आहे कुठे? आधी शिंपीणकाकू ("जुनं फार कुरकुरत होतं हो"), मग वरचे, मग मागचे. सगळ्यांची कुलपं एकदमच कुरकुरायला लागली. बाबांची पद्धत तुला माहीतच आहे, नवी किल्ली स्वतः फिरवून बघायची नाही, मालकाच्या हातात द्यायची. पहिला फेरा मालकाचा. इतकी वर्षं कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. आता मात्र मालक फेरा झाल्यावरही हात पुढे करून उभा राहतो, अजून एखादी उरलीय का म्हणून. काकूंनी तर कानशीने पडलेला पितळेचा भुगासुद्धा केरसुणीने गोळा करून नेला. धंदा जन्मात इतका चालला नव्हता. आई म्हणते, वर्षाआड अशी बदनामी झाली तर माडी चढेल. बाबा हसले नाहीत. हल्ली ते दुकानाबाहेर बाकडं टाकून भर उन्हात काम करतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही हात दिसतील असे.

गेल्या आठवड्यात तुझा टेबलफॅन दुरुस्त करून ते तुझ्याकडे आले होते. तू बाहेर गेली होतीस. नेहमीसारखी त्यांनी त्यांच्याकडची तुझ्या घराची किल्ली काढली, ती अर्धीच आत गेली. बराच वेळ ते जिन्यात बसले, मग दाराशी फॅन ठेवून परत आले. तुला वाटलं असेल, घाईत असतील. घाई कसली गं. घरी येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "धाकटीने कुलूप बदललंय. हलकं दिलंय कुणीतरी तिला, केसातल्या पिनेने उघडेल." आई म्हणाली, "मग उघडायचं ना! सख्ख्या बहिणीचं घर, पंख्याखाली टेकला असतात जरा."

बाबा म्हणाले, "पहिला फेरा मालकाचा."

मी तुला काही म्हणत नाही. आतोबांनी बदललं असेल. नाहीतर खरंच कुरकुरत असेल.

आतोबांना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुझी,
दीडशहाणी

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच, की फॅनचं तिसरं बटण दाबू नकोस, तो चालायला लागतो. वारा नाही, फॅन.

ता. क. दुसरा. तुझी जुनी किल्ली अजून बाबांच्या जुडग्यात आहे. आई म्हणाली, काढून टाका आता. म्हणाले, "राहू दे, तिचं काय वजन होतंय." तेव्हा नव्या कुलपाची एक किल्ली पाठवशील का? सोबत कुठलाही शब्द नको. शब्द आमच्याकडे खूप झालेत.

ता. क. तिसरा. वरचं रद्द. पोस्टात हरवली तर पुन्हा कुणावर यायचं? तूच ये. सकाळी ये, गल्ली जागी असताना. बाकड्यापाशी उभी राहा आणि मोठ्याने म्हण, "दादा, ह्याची अजून एक करून ठेव रे." किल्ली त्यांच्या हातात दे, आणि बघत थांबू नकोस. सरळ बाजारात जा. भाजी निवडून घे, भावात घासाघीस कर, चांगला वेळ लाव.