लोखंडी कपाटातला राउटर

३ फेब्रुवारी, रविवार.
घरास तीन कॅमेरे बसविले. चाळीस वर्षे लोकांची कुलुपे दुरुस्त केली. चोराचे मन मी जाणतो. तो प्रथम राउटर उचलणार, म्हणजे कॅमेरे आंधळे. सबब राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातले. वायरीपुरते भोक पाडले. किल्ली माझ्या कमरेला. ही युक्ती कॅमेरेवाल्यासही सुचली नव्हती.

१० फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
दूरदेशी असलेल्या कन्येचा व्हिडिओ कॉल. नात आता कोणत्याही दिवशी पहिले पाऊल टाकील. परंतु तिच्या चेहऱ्याच्या चौकोनी ठिकऱ्या झाल्या. कन्या म्हणाली, "बाबा, तुमचं नुसतं नाक दिसतंय." दोष तिकडील नेटचा. तसे तिला बजावले.

१३ फेब्रुवारी.
कॅमेऱ्यात दूधवाला फाटकातून आत आला. बाहेर पडलाच नाही. काठी घेऊन तासभर शोध केला. सौ. म्हणाली, "अहो, दूध तापवून झाकून ठेवलंय मी केव्हाच."

१५ फेब्रुवारी.
नेट कंपनीचा मेकॅनिक आला. राउटर कुठे, असे विचारू लागला. सुरक्षेच्या कारणास्तव सांगितले नाही. म्हणाला, "काका, डॉक्टरकडे जायचं आणि दुखतंय कुठे ते सांगायचं नाही, असं झालं हे." मग लांबूनच कपाट दाखविले. हसला. म्हणे लोखंडातून सिग्नल जात नाही. जो काही झिरपतो तो तीन कॅमेरे खातात.
फार शिकले की माणसाचे असे होते. मी चौथी शिकलो, परंतु दार उघडे टाकून कोणी सुरक्षित राहिल्याचे ऐकिवात नाही. निश्चय: कपाट उघडणार नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार.
कॉल लागला नाही. सौ. मीठ आणावयास शेजारणीकडे गेली. पाऊण तासाने परतली. मीठ विसरली.

२४ फेब्रुवारी, रविवार.
कॉल नाही. सौ. साखर मागावयास गेली. डबा साखरेने भरलेला आहे. वयोमानाने स्मरण जाते, बिचारीचे. मीही थकलो. रविवार संपता संपत नाही.

३ मार्च, रविवार. सकाळी ११.
सौ. पुन्हा मिठास गेली. कपाट उघडून राउटर बाहेर काढला. केवळ धूळ झटकण्याकरिता. तत्क्षणी फाटकाच्या कॅमेऱ्याचे चित्र लख्ख दिसू लागले. फाटकास लागूनच शेजारणीची पायरी. तीवर सौ., पाठमोरी, हातात फोन. आवाजही स्वच्छ आला: "चालली गं माझी बाय! टाक, अजून एक टाक!" मग थोडे थांबून, "त्यांना काय सांगू? त्यांना आधी चोर सापडू दे."

त्याच दिवशी, दुपारी १.
राउटर खिडकीत ठेवला. कन्येस कॉल लावला. चित्र आरशासारखे. नात झोपली होती. कन्या म्हणाली, "उठवू का, बाबा?" नको म्हटले.
कपाटास पुन्हा कुलूप घातले. आत काही नाही.