रोज पट्टी बदलायला या

प्रिय कुसुमताई,

जयभीम. मी ठणठणीत आहे. आधी हे वाच, मग काळजी कर.

काल तुमच्या नागपुरात पोरांनी लाकडी बैल सजवून तान्हा पोळा केला असेल. इथे पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार. जाम नदीच्या या काठावरून आमचे लोक, त्या काठावरून सावरगावचे, मध्ये नदीत रोवलेला झेंडा, तो पळवायला दोन्हीकडून नुसते दगड! म्हणे परंपरा! आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दोन्ही गावांना दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

नर्सची नोकरी संपली, तरी काल माझ्या ओसरीत रांग होती. सावरगावचा कुलदीप कपाळ फोडून आला.

"बाई, लवकर बांधून द्या. झेंडा अजून उभाच हाय."

"बस खाली! झेंडा दरवर्षी नवा मिळतो, डोकं नाही."

शेजारी आमच्या काठचा रोशन, हात सुजलेला. एकाच बाकावर बसून दोघं माझ्या शिव्यांना हसून राहिले होते. आमचे हे गेल्यापासून काल पहिल्यांदा चहाचं मोठं पातेलं काढलं.

तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? तू तिकडे ये म्हणतेस. येऊन काय करू, तुझ्या सुनेच्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवू?

सगळ्यांना दटावलं आहे, रोज पट्टी बदलायला यायचं. खरं तर तिसऱ्या दिवशी आले तरी चालतं. हे मात्र कोणाला सांगू नकोस.

तुझी भांडकुदळ,
प्रमिला