बधिर म्हणजे बहिरा नव्हे

सोमवार, ४ फेब्रुवारी १९३५. अमरावती.

गाऱ्हाणं कोणाकडे मांडावं? हुरड्याचे दिवस, घरी टोपलीभर कोवळी कणसं, आणि आमच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेने नेमका आजच असहकार पुकारला! सगळं घर समोर बसून हुरडा खात होतं, आणि मी गूळ चोखत होतो. सहा फुटी ब्राह्मण गूळ चोखताना कसा दिसतो, ते ताराच्या चेहऱ्यावरून कळलं. नवऱ्याच्या दुःखात इतकं हसू नये असं एखाद्या स्मृतीत असायला हवं होतं.

डॉ. कमलाकांत म्हणतात, दाढ काढा. कलकत्त्याला दंतविद्या शिकून आलेले, सुई टोचून दुखू न देता दात काढणारे आमच्या गावातले पहिलेच. गेल्या आठवड्यात अकोल्याच्या साप्ताहिकात मीच त्यांच्यावर लिहिलं: ‘डॉक्टर औषधाची सुई टोचून हिरडी बधिर करतात, मग दात काढतात.’ सुरेख वाक्य. लिहिणाऱ्याने स्वतः सुई घेतलेली नव्हती, एवढंच.

बुधवार, ६

पार्बताबाई भाजीची टोपली घेऊन आली. डावा गाल वांग्यासारखा सुजलेला. तारा म्हणाली, “अगं, त्या सुईवाल्या डॉक्टरांकडे जा!”

“नाही बाप्पा! मले बहिरी नाही व्हायचं!”

चौकशीअंती उलगडा झाला. बाजारात पानठेलेवाले जानराव रोज पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. माझं वाक्य वाचलं, आणि विचारल्यावर अर्थही सांगितला: बधिर म्हणजे बहिरा. म्हणजे डॉक्टर सुई टोचतो आणि माणूस बहिरा होतो. खुद्द शास्त्रीबुवांनी छापलंय!

“अवं बाई, बधिर म्हणजे तेवढी जागा सुन्न,” मी म्हणालो.

“मंग सुन्न काहून नाही लिवलं?”

उलटाच न्याय! दहा वर्षं पाठशाळेत घालवलेला मी प्राकृत अर्थाच्या बाजूने, आणि पाटी-पेन्सिलीला कधी हात न लावलेली पार्बताबाई शुद्ध संस्कृत अर्थाच्या बाजूने! अमरकोशात बधिर म्हणजे बहिराच. ती म्हणते, आठवडी बाजारातल्या पकडवाल्याकडून दाढ उपटून घेईन. त्याची पकड मी पाहिली आहे. ती धोतराच्या सोग्याला पुसतो — तीही रोज नाही.

गुरुवार, ७

कमलाकांतांच्या दवाखान्यातून दोन बाया खुर्चीतून उठून गेल्या. अकोल्याहून संपादक भगवंतरावांचं पत्र — ‘शब्द मागे घ्यावा. पुढील अंकी दुरुस्ती छापतो.’

नाही घेणार! जानरावांच्या ठेल्यावर मराठीचे अर्थ ठरायला लागले तर उद्या आम्ही कात-चुन्याने लिहावं काय? शब्द बरोबर आहे. सिद्ध करून दाखवतो. शनिवारी मी स्वतः खुर्चीत बसणार, आणि पार्बताबाई शेजारी उभी राहून बघणार. कबूल झाली. “तुमी बहिरे नाही झाले तं मी बी बसीन,” म्हणाली.

शनिवार, ९

दाढ गेली. लिहिताना खालचा ओठ दुसऱ्या कोणाचा तरी आहे असं वाटतं.

डॉक्टरांनी आधी विचारपूस केली: छातीत धडधड होते का, कधी चक्कर येऊन पडलात का, जेवून आलात का, याआधी कुठलं औषध बाधलं आहे का. मी म्हटलं, मुलगी बघायला आलात का? ते हसले, पण एकही प्रश्न गाळला नाही. सुई उकळत्या पाण्यातून काढली. टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढला — रक्त आलं तर सुई शिरेत आहे, तिथे औषध सोडायचं नाही! मग अगदी सावकाश औषध सोडलं. नंतर घड्याळ बघत बसले. मी म्हटलं, काढा आता. “घाई डॉक्टरची, आणि बदनाम होतं औषध,” म्हणाले. टोचणीने हिरडी तपासली. मला काही कळलं नाही, तेव्हाच चिमटा उचलला. दुखलं नाही. ओढ तेवढी जाणवली.

इथवर विजय.

पार्बताबाई माझ्या उजव्या हाताला, जरा मागे उभी होती. दाढ थाळीत पडल्यावर तिने काही विचारलं म्हणे. मग पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मी समोर बघत बसलेलो.

“गेले! शास्त्रीबुवाचे कान गेले!” — हे मात्र ऐकू आलं. टोपली तिथेच टाकून ती पळाली.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. “ऐकू येत नाही? कधीपासून?”

“तुमच्या सुईपासून,” मी म्हणालो. थट्टा म्हणून. त्यांचा चेहरा उतरला, आणि मी ते शब्द मागे घेतले नाहीत. ओठ चावू नका, जाणीव येईपर्यंत गरम चहा नको, एवढं सांगून त्यांनी मला निरोप दिला. आवाज बारीक झाला होता त्यांचा.

रविवार, १०

आज काही लिहीत नाही.

सोमवार, ११

तारा पार्बताबाईकडे जाऊन आली. ताप. तोंड दोन बोटंच उघडतं. सूज जबड्याखाली उतरते आहे. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, “गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल. उद्यापर्यंत आणा. पण येणार कशी? तुमचे कान मी घालवलेत ना!”

आता लिहितोच. उजवा कान जाऊन दोन वर्षं झाली. नगरपालिकेच्या सभेत मी नेहमी उजव्या टोकाची खुर्ची धरतो. लोक म्हणतात, शास्त्री किती विनयशील, कोपऱ्यात बसतात! बोलणारे सगळे डावीकडे राहावेत, एवढाच तो विनय. बहिऱ्या बातमीदाराला सभेला कोण पाठवील?

दुपारी तिच्या मळ्यावर गेलो. सून शकुन उशाशी बसली होती. मी सरळ सांगितलं. पार्बताबाईने शकुनला खूण केली. ती माझ्या उजव्या कानाशी काही पुटपुटली. काही नाही. डाव्या कानाशी पुटपुटली.

“‘लबाड म्हातारा’ म्हणालीस,” मी म्हटलं. शकुन लाजली. म्हणजे डावा कान ठीक.

पार्बताबाईला बोलताना कष्ट होत होते, तरी बोललीच. “मंग तवाच काहून नाही सांगतलं? त्या डाक्तरच्या माथी मारलं?”

“लाज वाटली.”

“मी इथं मरून राहिली, अन् तुमाले लाज!”

सासू-सुनेने मिळून मला झोडपलं. खाली मान घालून ऐकून घेतलं. मग पार्बताबाई म्हणाली, “बैलगाडी जुंपा.”

मंगळवार, १२

झालं. डॉक्टरांनी सुजलेल्या जागी सुई टोचली नाही. पू झालेल्या जागी औषध नीट लागू पडत नाही, आणि घाणही पसरते. लांब मागे, जिथून मज्जातंतू येतो तिथे टोचली. तीच विचारपूस, तोच मागे ओढलेला दट्ट्या. पहिल्यांदा टोचणी लावली तेव्हा ती कळवळली. डॉक्टर थांबले, थोडं औषध आणखी दिलं, पुन्हा वाट पाहिली. मग दाढ काढली, पू वाहून गेला.

डॉक्टर तिच्या मागे जाऊन हळूच म्हणाले, “ऐकू येतं?”

“येते नं! तुमचं घड्याळ बी आयकू येते. मी का शास्त्रीबुवा हाय?”

शुक्रवार, १५

सूज उतरली, ताप गेला. पार्बताबाई पुन्हा बाजारात, आणि तिच्या भाजीबरोबर माझी कीर्ती! “सुईचा काही दोस नाही, शास्त्रीबुवा आधीपासूनच बहिरे हायेत!” आता अख्खा बाजार माझ्याशी ओरडून बोलतो. जानरावांनी तर पानाला चुना किती, हे हातवारे करून विचारलं. कमलाकांतांकडे आज चार बाया खुर्चीत बसल्या. मी जाऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “काय? ऐकू नाही आलं.” थट्टा शिकतायत.

अकोल्याला बातमी पोचलीच. भगवंतराव विचारतात, ‘ऐकतो ते खरे काय?’

उत्तर धाडलं: ‘खरे. मात्र दोन्ही कान शाबूत असून सभेत घोरणारे प्रतिनिधी आपण आजवर सांभाळलेत. माझा डावा कान जागा आहे. मला काढायचे तर उघड काढा, आणि कारणही छापा. शब्द मागे घेणार नाही. त्याखाली ही टीप द्यावी: बधिर म्हणजे बहिरा नव्हे. बहिरा तो प्रस्तुत लेखक, तोही एका कानाने, आणि सुईच्या दोन वर्षं आधीपासून.’

सोमवार, १८

टीप छापली. मला ठेवलं.

डावा कान जागा आहे असं लिहिलं, ते खोटं आहे. आज सकाळी तारा माझ्या डावीकडे बसून मेथी निवडत होती, काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसले. मी सवयीने हसलो. ती हसली नाही. हसण्यासारखं नसावं.

डावाही चालला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.