आबांची गोळी, सपनाची गोळी

पुणे, १२ जानेवारी

ती. अक्का,
सप्रेम जय भीम.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत, काळजी करत बसू नकोस. या एका खोलीत फोनवर बोललेलं सगळं सपनाला ऐकू जातं, म्हणून लिहिते.

चाळीसगावच्या लग्नात सपनाची मुरुमांची गोळी पाहून तू म्हणालीस, "ही ते आबानी सूजनी गोळी शे! पोरले कसाले देस?" गोळी खरंच तीच होती, आपल्या आबांना पायांच्या सुजेवर देतात ती. मी बी.एस्सी. झालेली बाई, पण डॉक्टरांना विचारलं नाही. सपना नको म्हणत असताना पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा आणू दिलं नाही. दोष तुझा नाही.

हार्मोनच्या मुरुमांवर बायकांना हीच गोळी देतात, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिचा चेहरा तेव्हा निवळला होता. आता हनुवटीपासून गळ्यापर्यंत गाठी आहेत. गाल उशीला टेकवत नाही, म्हणून उताणी झोपते. गोळी पुन्हा सुरू करून पाच महिने झाले, फरक पडला नाही. पडेल असं डॉक्टरही आता म्हणत नाहीत.

हळदीचा लेप पाठवू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

पाकीट ती ऑफिसच्या बॅगेत कुलूप लावून ठेवते. काल गोळी काढून द्यायला मी हात पुढे केला, तर म्हणाली, "आई, तू फक्त पाणी दे."

मी पाणी देते.

आबांची गोळी चुकवू नकोस. कुणी काही म्हणालं तरी बंद करू नकोस, मी म्हणाले तरी.

तुझी धाकटी,
शालिनी