गव्हाणीतली कुट्टी

बारामती, मंगळवार संध्याकाळ

आज तिसऱ्यांदा सांगवीला गेले. तिथल्या तात्यांचा गोठा धुतलेलं पाणी टाकीत साठवून पंपाने घासाच्या रानाला द्यायची योजना माझीच, आणि पंपापाशी मी बसवलेली जाळी रोज मक्याच्या कुट्टीने, बारीक कापलेल्या चाऱ्याने, तुंबते. एवढी कुट्टी टाकीत येते कुठून? मनातल्या मनात घरच्यांनाच दोष देत होते.

म्हणून आज धार काढायच्या वेळी मुद्दाम थांबले. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, गव्हाणीत उरलेली कुट्टी खराट्याने सरळ गटारीत लोटली आणि वरून पाणी सोडलं.

"काकू, हे बंद करा ना!"

त्या हसल्यासुद्धा नाहीत. "उष्ट्या चाऱ्याला गाय तोंड लावत न्हाय. गव्हाण झाडावीच लागती. तुमी कागदावर आखलं तवा हितं कुणाला इचारलं व्हतं?"

कुणालाच नाही. तेव्हा मी भर दुपारी गेले होते. गोठा धुतलेला, कुट्टीचा कण नाही. मोजमाप घेतलं आणि निघाले. शहाणीच मी!

जाळी गटारीच्या तोंडाशीच हवी, खराट्याने सहज साफ होईल अशी. उद्या सकाळच्या धारेआधी पोचायचं आणि जाळीभोवतीचं माझंच काँक्रीट फोडायचं. नवी जागा कुठली? काकू खराट्याने रेघ ओढतील ती.