अकरा वर्षांचं काम

लॉस एंजेलिस,
रविवार, ९ मार्च

फिलोमेना,

थोरल्या बहिणीचे तुला आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळे. ते तुझं ऐकत नाहीत, माझं तरी ऐकतील. आम्ही सगळे बरे आहोत. मी सांगतेय आणि नात यादिरा लिहितेय. ती मध्येच हसते, म्हणून अक्षर हललं तर बोल तिला लाव. तिकडे वाचणारे सेल्सो मास्तरच असतील. मास्तर, आजचं पत्र अंगणात बसून वाचा, मोठ्याने. शेजारणी नाहीतरी कान लावूनच असतात.

इकडे थंडी सरली. सुनेने नवा फ्रिज घेतलाय, दार उघडं राहिलं की किंचाळतो. रोहेलिओचं टक्कल आता आपल्या बाबांएवढं झालं. पण पोरगा इथला नागरिक झाला, म्हणून त्याने माझ्यासाठी कायम राहण्याचा अर्ज केला. मी आले होते सहा महिन्यांच्या परवान्यावर, यादिराच्या जन्माला. ती आता सोळा वर्षांची आहे. म्हणजे किती दिवस जास्त राहिले ते मास्तर सांगतील. मध्ये तिकडे आले असते तर परत इकडे शिरता आलं नसतं. म्हणून आईच्या मातीला आले नाही. तुझं तोंडही आता यादिराच्या फोनवरच बघते.

तर त्या अर्जात एक प्रश्न होता. परवानगी नसताना इथे कधी काम केलंत का?

रोहेलिओ म्हणाला, "आई, 'नाही' लिहायचं. दोन अक्षरं. कोण बघायला येतंय?"

मी म्हटलं, "मला अक्षरं येत नाहीत रे, पण दोन अक्षरांत अकरा वर्षं मावत नाहीत एवढं कळतं."

हं. आता तू विचारशील, कसली अकरा वर्षं? तुला तर दर पत्रात सांगत आले की सून ताट हातात देते आणि मी खिडकीशी कबुतरं मोजते. कबुतरं खरी आहेत, फिलो. सुट्टीच्या दिवशी मोजायचे.

रोहेलिओने 'नाही' लिहिलं आणि मी गप्प बसले, तेही सांगते. मग बोटांचे ठसे द्यायला गेलो. काचेवर बोट ठेवलं, काही उमटेना. दुसरं ठेवलं, तेही कोरं. पुसलं, मलम लावलं, परत दाबलं. मशीनवरची बाई साल्वादोरची होती. तिने माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "आजी, भाकऱ्या करता ना? माझ्या आईचीही बोटं अशीच. तव्यावरून हातानेच उलटायची ती."

रोहेलिओ पटकन म्हणाला, "घरच्यापुरत्या."

बाई हसली. "घरात पलटण आहे का?"

गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, "माझी बोटं खरं बोलली आणि तू त्यांना खोटं पाडलंस." तो चिडला. "तुला परत पाठवतील, मग?" मी म्हटलं, "मग फिलोकडे जाईन. पण ताठ मानेने जाईन." पुढच्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "गाव म्हणेल, रोहेलिओने म्हाताऱ्या आईला राबवलं."

कायद्याची भीती अर्धीच होती बघ. उरलेली अर्धी तुमच्या अंगणाची.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला वकीलबाईकडे नेलं. ती म्हणाली, पोटचा मुलगा नागरिक असेल तर आईचं विनापरवाना काम माफ होतं, खोटं बोललेलं होत नाही. अर्ज दुरुस्त केला. मग मुलाखतीचा दिवस आला.

साहेबाने शपथ दिली आणि विचारलं. मी म्हटलं, "केलं काम. अकरा वर्षं. खानावळीच्या मागच्या खोलीत, मातीच्या तव्यावर, परातीएवढ्या मक्याच्या भाकऱ्या. आमच्या ओआहाका प्रांताची माणसं तीन-तीन बस बदलून यायची खायला." दुभाष्या हे कुजबुजत सांगायला लागला. म्हटलं, "बाबा, मोठ्याने सांग. भाकरी भाजली, दरोडा नाही घातला."

साहेबाने मान वर न करता लिहून घेतलं. ज्या गोष्टीला आम्ही एवढी वर्षं भ्यालो, ती त्याने अर्ध्या ओळीत बसवली. मला जरा रागच आला.

शुक्रवारी कायम राहण्याचं कार्ड आलं. फोटोत मी आत्यासारखी दिसते, भांडायला उभी.

आणखी एक. तुझ्या स्वयंपाकघरावरचं छप्पर रोहेलिओने पाठवलं असं मी कळवलं होतं. ते माझ्या तव्याने घातलं, फिलो. त्या वर्षी त्याला काम नव्हतं, आणि माझ्या मुलाला कोणी नावं ठेवलेली मला चालली नसती. हे लिहू का, म्हणून सकाळी त्याला विचारलं. तो उठला, यादिरासाठी दिवा जवळ सरकवला आणि म्हणाला, "सगळं लिही."

सप्टेंबरात गावच्या सणाला येतेय. परदेशातून आलेल्यांना तुम्ही मांडवात पाहुण्यांच्या रांगेत बसवता, गळ्यात हार घालता, ते माझ्या बाबतीत करू नकोस. मला मोठ्या तव्यासमोरची जागा हवी. सध्या तिथे जी कोणी बसते, तिला आत्ताच सांग, सरक म्हणावं.

कामावरून घरी येणारी
तुझी थोरली बहीण,
एर्मेलिंदा